फ्लेक्स, गूळ आणि ऱ्ह: एका पोर्टफोलिओच्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२४, सोमवार

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊन महिना झाला. घरात "मग पुढं काय?" हा प्रश्न आता जेवणाआधी एकदा आणि चहानंतर एकदा येतो. म्हणून आजपासून ही वही. प्रकल्प: माझा स्वतःचा पोर्टफोलिओ, म्हणजे काम मागताना दाखवायचा निवडक कामांचा संच. मुदत: दिवाळी. वेळ: सकाळी सात ते दहा, कारण साडेदहाला दादाच्या दुकानात पोचायचं असतं. दादा म्हणजे मावसभाऊ. कोल्हापुरात राजारामपुरीत त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि दोन वर्षं मी तिथं डिझाइनला बसते.

आज नुसती मोजदाद केली. कॉलेजची धड म्हणावी अशी चार कामं: कॉफीचं दुकान, सेंद्रिय साबण, एक चित्रपट महोत्सव आणि प्राणिसंग्रहालयाच्या पाट्या. चारही काल्पनिक, चारही देखणी. पांढरी भिंत, त्यावर खिडकीची तिरकी सावली, शेजारी एक हिरवं पान. ते पान प्रत्येक मॉकअपमध्ये (काम प्रत्यक्षात कसं दिसेल ते दाखवणाऱ्या चित्रात) तेच आहे, हे आज पहिल्यांदा दिसलं.

दुकानाच्या फायली चौदाशेच्या वर. वाढदिवस, बारसं, वास्तुशांत, कुस्तीचं मैदान, भावपूर्ण श्रद्धांजली, दहीहंडी. हे सगळं खरं, पैसे घेऊन केलेलं, चौकात लागलेलं. आणि यातलं एकही मी वर्गात कधी दाखवलं नाही.

तूर्त निर्णय: दुकानातलं काही घालायचं नाही.

२० जून

ईमेलचा पत्ता बदलला. जुना अकरावीत काढलेला, त्यात 'क्युट' होतं. नव्यात नाव आणि आडनाव, बाकी काही नाही. एवढ्याला पाऊण तास गेला, कारण बँक, विद्यापीठ आणि आधार अशा सगळ्यांना जुनंच क्युट माहीत होतं.

२४ जून

कॉलेजच्या सरांना फोन केला. म्हणाले, "आठ कामं ठेव. नववं कच्चं असलं तर माणूस घरी जाताना नववंच घेऊन जातो." मी म्हटलं, सर, आठच भरत नाहीत. ते हसले नाहीत. "मग चार ठेव की."

स्टुडिओ म्हणून काही नाव घ्यावं का, यावर दोन दिवस घालवले. वहीत एकवीस नावं जमली. त्यातली पाच 'रंग'वरून, चार 'रेघ'वरून. सगळी खोडली. एकट्या बाईनं घराच्या मधल्या खोलीत बसून 'आम्ही' म्हणायचं आणि फोन आला की आईनं उचलायचा, हे काही जमायचं नाही. स्वतःचंच नाव लावायचं.

२ जुलै

स्वतःचं नाव लावायचं तर आधी ते छापता यायला हवं.

आमच्या आडनावात ऱ्ह आहे. कऱ्हाडातला, बिऱ्हाडातला, वऱ्हाडातला ऱ्ह. शाळेच्या हजेरीपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत तो कुणी नीट छापलाय असं आठवत नाही. एकतर रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो, नाहीतर र पाय मोडून ह शेजारी अवघडून उभा राहतो. आज मुखपृष्ठावर मीच माझं नाव टाइप केलं आणि इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरनंही अगदी तेच करून दाखवलं. वर पहिल्या नावातली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला.

सकाळ सगळी त्यात गेली, पण गुंता सुटला. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्या होत्या.

वेलांटी आणि जोडाक्षरं मोडत होती ती सेटिंगमुळे. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन चालू करून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला की अक्षरं जागेवर येतात. हे चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा. वर्गात आमचं सगळं इंग्रजीतच चालायचं.

दुसरी गोष्ट टाइप करण्याची. र, मग हलन्त, मग ह असं दाबलं की संगणक रफारच देणार, त्याची चूक नाही. आपला आडवा र हवा असेल तर सुरुवात खाली टिंब असलेल्या ऱ ने करायची. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट आणि जे. हा नुसता नखरा नाही: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरात असतात.

तिसरा खुद्द फॉन्ट. काहींत ही जोडी काढलेलीच नसते. मग एक ओळ बनवली: "दर्या, दऱ्या, गुऱ्हाळ, तऱ्हा, आचाऱ्यांना, शाल, लाल". ती मोफत मिळणाऱ्या चौदा फॉन्टांत लावली. गाठीचा श आणि पाकळीचा ल, म्हणजे आपण पाटीवर गिरवलेले, काही फॉन्टांत आत दडलेले असतात. मजकुराची भाषा मराठी अशी लावली की बाहेर येतात. नाही लावली तर हिंदी वळणाचेच दिसतात. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट सगळ्यांतून पास. परवानाही खुला, धंद्याच्या कामाला वापरला तर कुणाला पैसे द्यायचे नाहीत. मजकुरासाठी तोच पक्का.

दुकानात हे दादाला दाखवलं. तिथं अजून श्रीलिपी हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट आहेत, कोरल या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं आणि कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून टाकायचं. त्यात दऱ्या अगदी झोकात उमटतात. फक्त तोच मजकूर उचलून दुसरीकडं चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला होतो. दादा म्हणाला, "मग चिकटवायचं कशाला?"

११ जुलै

नावाची अक्षरमुद्रा. पहिले चार दिवस रोमन आद्याक्षरांत वाया गेले. दोन अक्षरं वर्तुळात. आमच्या वर्गातल्या एकोणतीस जणांपैकी निदान दहांकडं हेच आहे.

काल रात्री बोरू काढला. मोठ्या कागदावर नुसता ऱ्ह, साठ-सत्तर वेळा. हातानं काढताना कळतं की ती आडवी र म्हणजे ह ला टांगलेलं शेपूट नाही. ती शिरोरेषेखालून बारीक निघते, मध्ये पोट धरते आणि ह च्या काखेत पुन्हा बारीक होऊन विरते. फॉन्टांत बहुधा ती एकाच जाडीची चिकटवलेली दिसते, म्हणून परकी वाटते.

ती एक रेघ सुटी काढून ठेवली. नाव पूर्ण असेल तिथं नावात, जागा कमी असेल तिथं नुसती रेघ. ब्राउझरच्या टॅबवर सोळा पिक्सेलांत बघितली तर पोट गायब, डास बसल्यासारखं दिसलं. लहान आकारासाठी वेगळी, जाड रेघ काढली.

मामा आला होता. त्यानं पडद्याकडं बघून विचारलं, "ही मिशी कुणाची?"

मिशी तर मिशी. ठेवली.

२६ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर धोक्याच्या ४३ फुटांवर गेली आहे. दुकानातला तळातला माल काल रात्री वरच्या फळीवर चढवला. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण २०१९ च्या महापुरापासून कुणी तसं छातीठोक म्हणत नाही. काम बंद.

१ ऑगस्ट

विद्यार्थी परवाना काल संपला, इलस्ट्रेटर उघडेना. दुकानात कोरल आहे, तो कुठून आला ते विचारायचं नसतं. माझं काम मी त्यावर करणार नाही असं ठरवलं. 'हे सॉफ्टवेअर तुमचंच का?' असं उद्या कुणी विचारलं तर चाचरायला नको. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. देवनागरी पहिल्या फटक्यात बरोबर, काही सेटिंग न करता. रंगांचं काही वेगळं आहे म्हणतात, ते पुढं बघू.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आज केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं. मी सातवीत तिथल्याच स्टेजवर झाड झाले होते.

सकाळी सगळे बघायला गेले, मीही गेले. परत येऊन काहीच केलं नाही. दुपारी आईनं जपून ठेवलेली नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं काढून बसले. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची नावं त्यात आहेत. दोन इंच जागेत, वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत, नाव वाचायच्या आधीच नाटक हसवणारं की रडवणारं ते कळतं. मॉकअप नाही, सावली नाही, पान नाही.

१९ ऑगस्ट

पुण्यातल्या एका स्टुडिओशी व्हिडिओवर मुलाखत. पंचवीस मिनिटं. समोरचा माणूस सभ्य होता, चेहऱ्यावर कंटाळा दिसू देत नव्हता.

कॉफीचा कप दाखवल्यावर त्यानं विचारलं, "कागद कोणता धरलाय? हा तपकिरी कशावर छापणार?" मला सांगता आलं नाही. साबणाच्या वेष्टनाला घडी कुठं पडते, तेही नाही. आणि मी बोलता बोलता स्वतःलाच ऐकत होते: दुकानात गिऱ्हाईक आलं की फ्लेक्स किती जीएसएमचा (किती वजनाचा), डोळे, म्हणजे दोरी ओवायची भोकं, किती फुटांवर मारायचे, वारं कुठल्या अंगानं येतं म्हणून कुठं चिरा द्यायच्या, हे मी न बघता सांगते. इथं चार कामं माझी, आणि एकाचंही सांगता येत नाही, कारण यातलं काही कधी छापलंच गेलं नाही.

मग त्यानं विचारलं, "सध्या दिवसा काय करता?"

"फ्लेक्सच्या दुकानात असते."

"अच्छा," म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला.

त्या 'अच्छा'नं रात्री झोप लागली नाही. त्याचा राग आला म्हणून नव्हे. मीही ते वाक्य तसंच म्हटलं होतं, लवकर संपवायच्या सुरात.

२१ ऑगस्ट

दुसरीकडून 'चाचणी' आली: एका नावासाठी तीन बोधचिन्हं, सोमवारपर्यंत, मोबदला नाही. नाव शोधून बघितलं तर ते खरंच पुढच्या महिन्यात उघडणारं हॉटेल निघालं. कळवलं की चाचणी आनंदानं देईन, पण काल्पनिक विषयावर. या नावाचं काम करायचं तर दर सांगते. उत्तर नाही. येणारही नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

पंधरा दिवस नोंद नाही. मंडळांचे फ्लेक्स, कमानी, पावतीपुस्तकं, महाप्रसाद. परवा पहाटे पाचला घरी आले. बोटांना कोरलचे शॉर्टकट झोपेतही येतात.

२२ सप्टेंबर

आज बरंच काही झालं, सविस्तर लिहिते.

जूनमधला निर्णय फिरवला. दुकानातली सहा कामं घेणार. पहिलं घेतलं ते गेल्या वर्षीचं, वाढदिवसाचं, २० बाय १० फूट. अडचण लगेच समोर आली: त्यावर ४२ माणसांचे चेहरे आहेत. उत्सवमूर्तीनं चौकात लावायला फोटो दिले होते, माझ्या पोर्टफोलिओला नव्हे. खालच्या रांगेत दोन तर शाळकरी पोरं आहेत. नावं आणि चेहरे दोन्ही काढायचे ठरवलं.

धूसर करून बघितलं, गुन्ह्याच्या बातमीसारखं दिसलं. शेवटी प्रत्येक चेहऱ्याच्या जागी सपाट रंगाचं वर्तुळ टाकत गेले. अर्ध्या तासात बेचाळीस वर्तुळं. पक्षाचा रंग काढून राखाडी केला, नावांच्या जागी नुसत्या पट्ट्या. मग चहा आणायला उठले, आणि दारातून वळून बघितलं.

वर एका ओळीत पाच लहान वर्तुळं, अगदी सारखी: महापुरुष. तिथं कुणी कुणाचा आकार मोजत नाही. डावीकडं तीन, उतरत्या मापाची, वरच्या नेत्यापासून तालुक्यापर्यंत. उजवीकडं वरपासून खालपर्यंत एकच आकृती, उत्सवमूर्ती. आणि तळाला तेहतीस शुभेच्छुक. तेही सारखे नाहीत: पहिले सात मोठे, बाकी लहान. त्या सातांनी खर्च उचलला होता. दोन वर्षं मी हे दररोज करत आले, पण 'बसवायचं' म्हणून. कुठला चेहरा किती इंच, कोण कोणाच्या वर, कोणाला कडेला टाकायचं नाही, हे सगळं डोक्यात होतं आणि ती मांडणी आहे हे डोक्यात नव्हतं.

कडेचं तर सांगायलाच हवं. फ्लेक्सच्या कडेचे चार इंच लाकडी चौकटीवर दुमडून जातात. तिथं ज्याचा फोटो, त्याचा कान जातो. मग रात्री साडेअकराला फोन येतो, "ताई, आमच्या भावाला मुद्दाम कापलासा का?" छापखान्यात ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कड, तीन मिलिमीटर शिकवतात. आमचं चार इंच, आणि ते चुकलं तर राजकारण होतं.

आणखी एक, जे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. कोरलमध्ये आम्ही एक फुटाला एक इंच धरतो, म्हणजे हा फ्लेक्स पडद्यावर २० बाय १० इंच. त्या हिशेबानं ७२ पॉइंटाची, म्हणजे एक इंचाची, ओळ चौकात एक फुटाची होते. दसरा चौकातल्या सिग्नलला गाडीवर थांबलेल्या माणसाला नाव वाचता यायचं असेल तर ते किती पॉइंटाला ठेवायचं हे मी आता मोजत नाही, डोळा सांगतो. त्या कॉफीच्या कपावर माझा डोळा काहीच सांगत नव्हता.

खालचा मजकूर तीनदा लिहिला. पहिला खर्डा इतका भारदस्त झाला की त्यात 'दृश्य श्रेणीबद्धतेचा शोध' असं आलं. फाडला. शेवटचा असा:

"२० बाय १० फूट. ४२ चेहरे, सगळे व्हॉट्सअॅपवरून आलेले, त्यातले ९ अंधारात काढलेले. वेळ ३ तास १० मिनिटं. तीनदा दुरुस्ती, तिन्ही फोटोंच्या क्रमाबद्दल. छपाई चौरस फुटाला १२ रुपये, एकूण २,४००. डिझाइनचे पैसे वेगळे नाहीत. चेहरे आणि नावं काढली आहेत."

२५ सप्टेंबर

दादाकडून लेखी परवानगी घेतली. मी तिथं पगारावर आहे, आणि नोकरीच्या कामात केलेल्या चित्राचा पहिला मालक कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७ चा, कलम १७) मालकच असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. दादाला हे सांगितल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. "म्हणजे ते सगळं माझं?" म्हणाला. मग दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून शिक्का मारला. लेटरहेडवर 'श' हिंदी वळणाचा आहे. मीच केलेला, २०२२ मध्ये.

४ ऑक्टोबर

काल केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. दुकानात संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे अकरा फ्लेक्स. त्यातल्या एका गिऱ्हाइकानं मजकुरात 'अभिजीत दर्जा' लिहून पाठवलं होतं. दुरुस्त केलं, सांगितलं नाही.

मामाचं गुऱ्हाळ आहे करवीर तालुक्यात. दसऱ्यानंतर धुराडं पेटेल. यंदा व्यापाऱ्याला गुळाचे तीस किलोचे रवे (ढेपा) देण्याबरोबर त्याला एक किलोचे खोके आणि अर्धा किलोच्या काकवीच्या बाटल्या स्वतःच्या नावानं विकायच्या आहेत. लेबल मी करणार. पैसे घेऊन. आईला हे आवडलेलं नाही. "मामाकडून पैसे?" मामा म्हणाला, "घेऊ दे की. फुकट केलं की पोरगी दिवाळीनंतर करंल." आकडा कमी ठेवला, पण कागदावर ठेवला.

मामाची मागणी: 'गुऱ्हाळ' मोठं, आणि बैल.

"मामा, चरक विजेवर चालतो तुझा. बैल कुठायत?"

"गिऱ्हाइकाला पाहिजेत."

गुऱ्हाळ, गिऱ्हाईक. ऱ्ह काही माझा पिच्छा सोडत नाही.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता दुपारी लागली. संध्याकाळपर्यंत महापालिकेची माणसं शिडी घेऊन चौकाचौकात. मी केलेले निदान पंधरा चेहरे राजारामपुरीत ट्रॉलीत पडलेले बघितले, एकावर एक. दादाचा हिशेब वेगळा: आता उमेदवारांचं अधिकृत काम येईल, पण प्रत्येक फूट खर्चात धरला जातो म्हणून हात आखडतील. आणि प्रत्येक कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घालायचा, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. म्हणजे वर्षभरात आमच्या दुकानाचं नाव आमच्याच कामावर छापून येतं ते एवढं निवडणुकीत.

दुकान रिकामं. लेबलाला बसले.

२० ऑक्टोबर

लेबल म्हणजे चित्र काढायचं असं मला वाटत होतं. निम्मा वेळ सक्तीच्या मजकुरात गेला. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची तारीख, बॅच, पोषणाचा तक्ता, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआयचा) चौदा अंकी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. त्या ठिपक्यालाही माप आहे: लहान वेष्टनावर व्यास निदान तीन मिलिमीटर आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. मी आधी सुबक दिसावा म्हणून दोन मिलिमीटरचा केला होता.

मामाला भौगोलिक मानांकनाचं (जीआय) चिन्हही हवं होतं. कोल्हापूरच्या गुळाला ते २०१४ मध्ये मिळालं, हे त्याला पाठ आहे. पण चिन्ह लावायला उत्पादकानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि मामाची नाही. चिन्ह काढलं. तो दोन दिवस फुरंगटून होता. काल फोन करून विचारलं, नोंदणीचा अर्ज मराठीत मिळतो का.

बैलही काढले. त्याऐवजी रस आटवायची काहील, वरून बघितलेली. गोल, आत मळी काढताना उठणारी फेसाची वळणं. मामानं लेबल आडवं-उभं करून बघितलं आणि म्हणाला, "आधण उतरायला आलंय ह्यात. भेंडीचं पाणी पडून गेलंय." एवढी नेमकी दाद मला चार वर्षांत वर्गात मिळाली नव्हती.

२८ ऑक्टोबर

घात झाला. एक हजार लेबलं छापून आली आणि बारीक मजकूर रंगीत भुतासारखा. पोषणाचा तक्ता तर वाचताच येईना. छापखान्यावर चिडून गेले. मशीनवरच्या काकांनी काही न बोलता भिंग हातात दिलं. सहा पॉइंटाच्या अक्षराच्या एका कडेला निळसर झालर, दुसऱ्या कडेला गुलाबी.

"ताई, तुमचा काळा चारी प्लेटांत आलाय. केसाएवढी प्लेट हलली की असंच होणार."

चूक माझीच. इंकस्केप पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत देतं. तिथला काळा रूपांतर होताना छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटांत वाटला गेला. 'रंगांचं काही वेगळं आहे म्हणतात, ते पुढं बघू' असं १ ऑगस्टच्या नोंदीत मीच लिहून ठेवलंय. बघितलं नाही. दुकानात हा धडा कधी मिळाला नसता. तिथं अक्षर फुटाचं असतं, झालर कोण बघतं.

फेरछपाईचे ३,८०० रुपये. मामा म्हणाला निम्मे देतो. घेतले नाहीत.

रात्री सगळा मजकूर स्क्रायबस या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं बसवला, काळा फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के. पाठवण्याआधी चारही प्लेटा वेगवेगळ्या उघडून बघितल्या.

५ नोव्हेंबर

नवी लेबलं उत्तम. भाऊबीज करून तसेच गुऱ्हाळावर गेलो होतो, तिथं काकवीच्या बाटलीला पहिलं लेबल मी लावलं. वाफेनं हात ओले, तरी शाई हलली नाही. वर मॅट लॅमिनेशन घ्यायला काकांनीच सुचवलं होतं. फोटो तिथंच काढले, चुलवाणाच्या उजेडात. मागं पांढरी भिंत नाही, पाचटाचा ढीग आहे. आता कुणी कागद विचारला तर सांगता येईल.

खराब झालेल्या लेबलांतलं एक जपून ठेवलं आणि पोर्टफोलिओत चांगल्याच्या शेजारी छापलं, भिंगातून काढलेल्या फोटोसह. सरांना पाठवलं. ते म्हणाले, चूक दाखवू नकोस. याबाबतीत त्यांचं ऐकत नाही.

१२ नोव्हेंबर

मुदत उलटून गेली, पण झालं. पीडीएफ १६ पानं, साडेसहा एमबी. फ्लेक्स तीन (सहा घेणार होते, तीन एकसारखे निघाले), गुळाचं आणि काकवीचं लेबल मिळून एक, लग्नपत्रिका एक, कुस्ती मैदानाचं पत्रक एक, देवनागरी चाचणीच्या ओळीचा तक्ता एक. कॉलेजचं फक्त प्राणिसंग्रहालय राहिलं. आठ भरली. कॉफी गेली. हिरवं पानही गेलं.

पुण्या-मुंबईला अकरा ठिकाणी पाठवला. ओळखीतल्यांना व्हॉट्सअॅपवर, पण फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर आकसून सगळी मेहनत पाण्यात. व्हिजिटिंग कार्डावर नाव, फोन आणि 'ग्राफिक डिझायनर'. मागच्या बाजूला मिशी.

१८ नोव्हेंबर

अकरांतून तीन उत्तरं. एक नकार, एक 'जागा निघाली की कळवू'. तिसऱ्यानं नोकरीचं काही लिहिलं नाही, विचारलं की आमच्याकडं एका लोणच्याच्या बाटलीला इंग्रजी लेबल तयार आहे, त्याच्या तोडीचं देवनागरी करून द्याल का, दर सांगा.

दर सांगायला मला दीड दिवस लागला. आधी ४,००० लिहिलं, मग खोडलं. ९,००० पाठवलं: निम्मे आधी, दोन दुरुस्त्या, पूर्ण पैसे आल्यावर हक्क लेखी देणार. हक्क किती वर्षांसाठी देणार ती मुदत मुद्दाम लिहिली. ती लिहिली नसेल तर कायद्यानं पाचच वर्षं धरतात, आणि मग त्यांचंही नुकसान. पाठवायचं बटण दाबून वही मिटली आणि भांडी घासायला गेले.

१९ नोव्हेंबर

"चालेल. अॅडव्हान्स आज टाकतो." एवढंच. मग आपण कमी सांगितलं का, यावर पुन्हा अर्धा दिवस.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल. दुपारी बारानंतर दुकानाचं शटर अर्धं ओढूनसुद्धा माणसं आत. बाहेर गुलाल, आत मशीन एक मिनिट थांबलं नाही. २० बाय १०, ३० बाय १०, एक ४० बाय २०. लोणच्याचं काम सोमवारवर ढकलून मी बसले.

या वेळी नेहमीसारखं एकेक फोटो ओढत बसवलं नाही. पोर्टफोलिओसाठी काढलेली राखाडी वर्तुळांची फाइल उघडली, तिची जाळी उचलली, कडेची चार इंच आधीच कुलूपबंद केली आणि चेहरे ओतत गेले. पहिला फ्लेक्स पन्नास मिनिटांत. रात्री नऊपर्यंत तेरा झाले. एकाचाही फोन आला नाही की आमच्या भावाला कापलं म्हणून.

दादा मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर तेव्हा एकसष्ट वर्तुळं होती, अर्धी भरलेली.

"हे पण घालणार का तुझ्या त्यात?"

"चेहरे काढून."

"मग आधी भर ते," म्हणाला. "बाहेर माणूस थांबलंय."